लिदीची ऊब, काचेचे पांघरूण

थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे गावाबाहेरच्या उकिरड्यावरून वाफ निघताना दिसते. आजूबाजूची जमीन गार पडलेली असते, गवतावर दव असते. पण उकिरडा वीत-दोन वीत उकरला तर आतला कचरा हाताला सोसवणार नाही इतका तापलेला असतो. कुणी जाळ लावलेला नसतो. ही उष्णता असते डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंची. शेण, लीद, पेंढा, पालापाचोळा खाताना हे जिवाणू श्वसन करतात आणि त्यात मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता म्हणून बाहेर पडतो. महाराष्ट्रात ही ऊब बहुतेक वेळा वाऱ्यावर जाते, कारण भाजी पिकवण्यासाठी तिची गरज पडत नाही. इथला हिवाळा हाच तर मेथी, पालक, मुळा, गाजराचा हंगाम.

जिथे हिवाळ्यात जमीन गोठते, सूर्य जेमतेम आठ तास दिसतो आणि शेतात हिरवे पान शोधून सापडत नाही, तिथे मात्र याच उकिरड्याच्या उबेवर माणसांनी एक अख्खी शेतीपद्धती उभारली. तिचे सर्वांत परिपूर्ण रूप दिसले ते एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये.

घोड्यांचे शहर, भाजीचे मळे

पॅरिसच्या वेशीलगत आणि शहराच्या आतही भाजीपाल्याचे छोटे छोटे मळे होते. तिथल्या माळ्यांना 'मारेशे' म्हणत. हा शब्द दलदल या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला, कारण जुने मळे नदीकाठच्या पाणथळ जमिनीत होते. शहरात बग्ग्या, मालगाड्या आणि पुढे ऑम्निबस ओढणारे हजारो घोडे होते. त्यांच्या तबेल्यांतून रोज लीद आणि लिदीने भिजलेला पेंढा निघे. शहराच्या दृष्टीने ती घाण होती. मारेशेच्या दृष्टीने ते इंधन होते. भाजी घेऊन बाजारात गेलेली गाडी परतताना लीद भरून येई.

या मंडळींनी काय साधले होते याची नोंद त्यांच्यातल्याच दोघांनी करून ठेवली आहे. मोरो आणि दाव्हेर्न या पॅरिसच्या दोन माळ्यांनी १८४५ मध्ये आपल्या व्यवसायावर एक सविस्तर पुस्तक लिहिले. महिन्यागणिक कोणते बी टाकायचे, लिदीचा थर किती जाड ठेवायचा, झाकण कधी उघडायचे, हे सारे त्यात आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियन विचारवंत पीटर क्रोपोत्किन यांनी आपल्या 'फील्ड्स, फॅक्टरीज अँड वर्कशॉप्स' या पुस्तकात पोन्स नावाच्या पॅरिसच्या माळ्याचे आकडे दिले. त्याचा मळा अवघा पावणेतीन एकरांचा. त्यातून वर्षाला निघणारी भाजी ११० टनांहून अधिक. त्यात सॅलडचे गड्डेच दीड लाखाच्या वर. लीद कुजून तयार होणारी काळी माती इतकी साठे की दरवर्षी तिचा काही भाग विकावा लागे. भाडेकराराने घेतलेली जागा सोडताना वरच्या थरातली माती सोबत नेण्याची मुभा माळी करारातच लिहून घेत. जमीन मालकाची, पण माती माळ्याने घडवलेली, असा तो हिशेब होता.

वाफ्याखालची भट्टी

मारेशेचे मुख्य साधन म्हणजे हॉटबेड, अर्थात खालून तापणारा वाफा. ताजी लीद आणि पेंढा नीट मिसळून, पाणी मारून, पायांनी दाबत त्याचा एक-दोन फूट जाडीचा थर रचायचा. ऐन जानेवारीत थर जाड, वसंत जवळ येईल तसा पातळ. त्यावर फळ्यांची बिनबुडाची चौकट ठेवायची, मागची बाजू किंचित उंच आणि पुढची उतरती, म्हणजे तिरके येणारे ऊन आत शिरते. चौकटीत वीतभर बारीक, कुजलेली माती पसरायची आणि वर काचेचे झाकण लावायचे.

आत पुढे जे घडते ते थेट सूक्ष्मजीवशास्त्र आहे. आधी साधारण तापमानात वाढणारे जिवाणू लिदीतील सहज पचणारे पदार्थ खाऊ लागतात. त्यांच्याच उष्णतेने थर ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. एवढी उष्णता त्यांना स्वतःला सोसत नाही, आणि मग उष्णताप्रिय जिवाणूंची दुसरी फळी काम हाती घेते. काही दिवसांतच थराच्या पोटातले तापमान ६० ते ७० अंशांवर जाते. त्याच वेळी अमोनियाचा उग्र दर्प सुटतो. या अवस्थेत बी टाकले तर ते शिजून जाईल आणि रोपे लावली तर वायूने करपतील. म्हणून माळी थांबतो. काही दिवसांनी ताव उतरतो, वास कमी होतो, वरची माती २५ अंशांच्या आसपास येते, आणि तिथून पुढे काही आठवडे ती ऊब हळूहळू उतरत टिकते. पेरणी या उतरत्या उबेवर करायची असते.

घोड्याचीच लीद का, गाईचे शेण का नाही? घोडा रवंथ करत नाही, त्यामुळे त्याच्या लिदीत अर्धवट पचलेले तंतू भरपूर राहतात. ती कोरडसर आणि भुसभुशीत असते, तिच्यात हवा खेळते. जिवाणूंना ऑक्सिजन मिळाला तरच ते जोमाने उष्णता देतात. गाईचे शेण ओले आणि घट्ट. त्याच्या नुसत्या थरात हवा शिरत नाही, म्हणून ते सावकाश तापते. त्यात पेंढा किंवा काड मिसळून हवेला वाट करून दिली की तेही तापते. ओलाव्याचेही असेच आहे. मूठभर मिश्रण दाबले असता बोटांतून पाण्याचा एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. हा जुना अंदाज आजही कंपोस्ट करणारे वापरतात.

थर थंडावू लागला तर मारेशे तो मोडत नसत. दोन चौकटींमधल्या पायवाटेत ताजी लीद ठासून भरत, की बाजूने पुन्हा ऊब मिळे. एकाच वाफ्यात मुळा आणि गाजराचे बी एकत्र पेरून वर सॅलडची रोपे लावत. मुळा आधी निघे, मग सॅलड, आणि तोवर गाजराला जागा मोकळी होई. विकत आणलेल्या उबेचा आणि काचेखालच्या इंचन्‌इंच जागेचा असा पुरेपूर वापर होई.

काच नेमके काय करते?

लिदीचा थर नसलेली, नुसती झाकणाची चौकट म्हणजे कोल्ड फ्रेम. तिच्यात उष्णतेचा स्रोत एकच, सूर्य. कल्पना फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवले आहे की सम्राट तिबेरियसला काकडी इतकी प्रिय होती की ती रोज ताटात लागे. त्यासाठी माळी चाके लावलेल्या वाफ्यांत वेल वाढवत, ते उन्हात ढकलत नेत, आणि थंडीत जिप्समच्या पारदर्शक पापुद्र्यांच्या झाकणाखाली ठेवत. ही काकडी बहुधा आजच्या खिऱ्याची नव्हे, खरबुजाच्या कुळातली लांबट काकडी असावी, असे अलीकडचे वनस्पतीशास्त्रज्ञ सांगतात.

काचेखाली ऊब का साठते, याचे शाळेत शिकवले जाणारे उत्तर असे: सूर्यप्रकाश काचेतून आत येतो, माती तापते, तापलेली माती अवरक्त किरण सोडते आणि काच ते बाहेर जाऊ देत नाही. हे खरे आहे, पण अपुरे आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ मध्ये एक साधा प्रयोग केला. त्यांनी दोन सारख्या पेट्या घेतल्या. एकीला काचेचे झाकण लावले, दुसरीला सैंधवाच्या स्फटिकाचे. सैंधवातून अवरक्त किरण आरपार जातात, म्हणजे दुसऱ्या पेटीत किरण अडण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच तापल्या. निष्कर्ष असा की अशा छोट्या पेटीत झाकणाचे मोठे काम किरण अडवणे हे नसून तापलेली हवा अडवणे हे आहे. उघड्या जमिनीवरची गरम हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी गार हवा येते. झाकण ही ये-जा थांबवते.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली, झाकणाला फट असेल तर कितीही चांगली काच व्यर्थ. दुसरी रात्रीची. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे किरणांच्या रूपाने सोडत राहते, आणि या वेळी झाकणाचा पदार्थ महत्त्वाचा ठरतो. साध्या पॉलिथिनमधून अवरक्त किरण बऱ्याच प्रमाणात निसटतात, काचेतून निसटत नाहीत. पण काच स्वतः गार होऊन उष्णता गमावतेच. म्हणून पॅरिसचे माळी संध्याकाळी प्रत्येक झाकणावर पेंढ्याच्या जाड चटया अंथरत आणि सकाळी गुंडाळून ठेवत. बर्फ पडत असला तरी हे काम चुकवता येत नसे.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. कोल्ड फ्रेममधली रोपे थंडीइतकीच गरमीनेही मरतात. बाहेर हवेत गारठा असला तरी लख्ख ऊन पडले की बंद पेटीतले तापमान बघता बघता ३० अंशांच्या पुढे जाते. कोंडलेल्या दमट हवेत बुरशी वाढते आणि रोपे बुंध्याशी सडून आडवी होतात. म्हणून मारेशे झाकणाखाली खाचा पाडलेला लाकडी ठोकळा ठेवत. ऊन चढेल तसे झाकण एकेक खाच वर, ऊन उतरेल तसे खाली.

प्रकाशाची मर्यादा

ऊब मिळाली म्हणजे पीक मिळालेच असे नाही. वनस्पती वाढते ती प्रकाशावर. दिवस दहा तासांहून लहान झाला की बहुतेक पालेभाज्यांची वाढ जवळपास थांबते, हा उत्तरेकडच्या थंड देशांतील बागायतदारांचा अनुभव आहे. पॅरिस ४९ अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरमधला दिवस सव्वाआठ तासांचा, तोही बहुधा ढगाळ. त्यामुळे तिथले माळी रोपे शरद ऋतूतच वाढवून घेत. भर हिवाळ्यात काचेखाली ती जगवायची, आणि दिवस मोठा होताच इतरांच्या आधी काढणीला आणायची, असे गणित असे.

कमी प्रकाशाचा संबंध आरोग्याशीही आहे. वनस्पती मातीतून नायट्रेट शोषते आणि प्रकाशाच्या ऊर्जेवर त्याची प्रथिने बनवते. प्रकाश कमी आणि खत भरपूर असेल तर नायट्रेट पानांतच साठून राहते. युरोपीय संघाने सॅलडच्या पानांतील नायट्रेटला कमाल मर्यादा घातली आहे. आच्छादनाखाली वाढवलेल्या सॅलडसाठी ती हिवाळ्यात किलोमागे ५,००० मिलिग्रॅम आणि उन्हाळ्यात ४,००० मिलिग्रॅम अशी वेगवेगळी आहे. झाकणाखालच्या भाजीला खत हात राखून घालावे आणि पाने सकाळऐवजी दुपारनंतर, ऊन खाऊन झाल्यावर खुडावीत, या सल्ल्यामागे हेच कारण आहे.

घोडा गेला, लीद गेली

पॅरिसची ही व्यवस्था एका गोष्टीवर उभी होती: फुकट किंवा स्वस्त लीद. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारी आल्या. पॅरिसमधली घोड्यांची शेवटची ऑम्निबस जानेवारी १९१३ मध्ये धावली. तबेले बंद झाले, लीद दुर्मीळ आणि महाग झाली. शहर पसरत गेले तसे मळे घरांखाली गेले. रेल्वेने दक्षिणेकडच्या उबदार प्रांतांतून भाजी स्वस्तात येऊ लागली होतीच. जिथे काचेखालची शेती टिकली तिथे लिदीची जागा कोळशाने, तेलाने आणि नैसर्गिक वायूने घेतली. आज थंड देशांतल्या हरितगृहांचा एक मोठा खर्च इंधनाचा असतो. इंधन महागले की हिवाळ्यातली लागवड कमी करावी लागते.

एक गोष्ट मान्य करायला हवी. मारेशेचे जानेवारीतले सॅलड सामान्य मजुराच्या ताटात जात नव्हते. अवेळी येणारी ती भाजी महाग होती आणि श्रीमंतांच्या टेबलावर मिरवत होती. हीच युक्ती साध्या घरासाठी, आरोग्याची गरज म्हणून कुठे उपयोगी पडत असेल, तर त्याचे उत्तर भारतातच आहे.

लडाखचे खड्डे

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तिथे पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरतो. घाट बर्फाने बंद झाले की ताजी भाजी विमानाने येते आणि महाग पडते. पूर्वापार लडाखी घरांत हिवाळा काढला जाई तो जमिनीतल्या खड्ड्यात साठवलेल्या बटाटे, गाजर, मुळा, सलगमांवर आणि वाळवलेल्या पाल्यावर. धान्य, सातू, लोणी यांनी पोट भरते. उणीव राहते ती ताज्या हिरव्या पानांची.

या पानांत काय असते? १०० ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे २८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि १९० मायक्रोग्रॅमच्या आसपास फोलेट असते. क जीवनसत्त्व माणसाचे शरीर बनवू शकत नाही आणि फार काळ साठवूनही ठेवत नाही. ते धान्यातले लोह शोषून घ्यायला मदत करते. फोलेट गर्भाच्या मज्जारज्जूच्या वाढीसाठी आवश्यक असते, तेही गर्भधारणेच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत. दोन्ही घटक साठवणीत आणि वाळवणात घटतात. म्हणून दारातल्या वाफ्यातून खुडून तासाभरात शिजवलेली जुडी आणि प्रवास करून आलेली कोमेजलेली जुडी, वजनाला सारखी असली तरी पोषणाला सारखी नसते.

लडाखला निसर्गाने एक गोष्ट मात्र दिली आहे, जी पॅरिसला नव्हती: प्रकाश. लेह ३४ अक्षांशावर आहे. तिथला डिसेंबरचा दिवसही जवळपास दहा तासांचा असतो, आकाश बहुतेक दिवस निरभ्र आणि उंचीमुळे ऊन कडक. प्रश्न फक्त दिवसा मिळालेली ऊब रात्रभर धरून ठेवण्याचा.

त्याचे सर्वांत स्वस्त उत्तर म्हणजे चर. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या लेह येथील संस्थेने उंच प्रदेशातील शेतीवर दीर्घकाळ काम केले आहे. चरातली भाजी हा त्यातलाच एक प्रकार. साधारण तीन फूट खोल खड्डा खणायचा, तळाशी शेणखत घातलेली माती, वर लाकडी दांड्यांवर पॉलिथिन. चारही बाजूंची जमीन वाऱ्यापासून आडोसा देते आणि आपली ऊब खड्ड्याला देते. रात्री वर आणखी एक जाड आच्छादन टाकायचे. ही कोल्ड फ्रेमच, फक्त जमिनीवर न ठेवता जमिनीत उतरवलेली. पालक, मेथी, कोथिंबीर तिच्यात तग धरतात.

त्याहून मोठी रचना म्हणजे सूर्याच्या उबेवर चालणारे हरितगृह. जेरेस ही फ्रेंच संस्था आणि लडाखमधील स्थानिक संस्थांनी त्याचा प्रसार केला. पूर्व-पश्चिम लांब इमारत, दक्षिणेकडे पॉलिथिनचे तिरके आवरण, उरलेल्या बाजूंना कच्च्या विटांच्या दुहेरी भिंती आणि मधल्या पोकळीत पेंढा. आतली जाड भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर ती ऊब सोडत राहते. संध्याकाळी आवरणावर कापडी पडदा ओढला जातो. पॅरिसच्या चटईचे काम इथे पडदा करतो, आणि लिदीच्या थराचे काम मातीची भिंत. इंधन शून्य.

खत आणि स्वच्छता

लिदीचा किंवा शेणाचा वाफा करून पाहणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यायला हवी. ताज्या शेणात आणि लिदीत आतड्यांचे विकार करणारे जिवाणू असू शकतात, आणि सॅलडची पाने कच्ची खाल्ली जातात. ढिगाचे तापमान ५५ अंशांच्या वर काही दिवस टिकले तर यातले बहुतेक जिवाणू मरतात. पण थराच्या कडा आणि वरचा भाग तेवढा तापत नाही. म्हणूनच अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार उघड्यावर रांगेत रचलेले कंपोस्ट किमान १५ दिवस ५५ अंशांच्या वर ठेवावे लागते आणि त्या काळात पाच वेळा उलथावे लागते. न कुजलेले खत घातले असेल तर मातीला टेकणारे खाद्यपीक १२० दिवसांनंतरच काढता येते. घरगुती हॉटबेडमध्ये हा धोका टाळायचा तर ताजा थर तळाशीच ठेवावा, मुळांच्या वाट्याला पूर्ण कुजलेली माती द्यावी, आणि अशा वाफ्यात कच्ची खायची पाने घेण्याऐवजी इतरत्र लावायची रोपे तयार करावीत. लीद हाताळताना हातमोजे घालावेत. धनुर्वाताच्या जिवाणूंची बीजे लिदीत आणि मातीत असतात, तेव्हा लस घेतलेली आहे ना, हेही पाहावे.

महाराष्ट्रात उपयोग काय?

पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो. इथे पालेभाजी हिवाळाभर उघड्यावर पिकते, तिला काचेची गरज नाही. गरज पडते ती रोपांना. मिरची, टोमॅटो, वांगी, कलिंगड यांचे बी २५ ते ३० अंशांत झटपट उगवते. डिसेंबर-जानेवारीतल्या थंड रात्रींत त्याला बराच जास्त वेळ लागतो आणि तोवर काही बी कुजूनही जाते. म्हणूनच रोपवाटिकांमध्ये बी टोकलेले ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकने झाकून ठेवतात आणि कोंब दिसताच सुटे करतात. निफाडकडे पारा घसरला की द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवल्या जातात, तोही उबेचाच खटाटोप, पण उघड्या हवेत आणि म्हणून खर्चिक.

घरच्या परसात किंवा गच्चीवर प्रयोग करायचा असेल तर चार ओळी विटा आणि जुन्या खिडकीचे तावदान पुरे. उतार दक्षिणेकडे ठेवावा. आत एक साधा तापमापक टांगावा. तो २५ अंशांच्या पुढे जाऊ लागला की तावदान बोटभर उचलून खाली लाकडाचा तुकडा सरकवावा. दुपार उतरताना, ऊन असतानाच, ते पुन्हा बंद करावे आणि अंधार पडण्याआधी वर गोणपाट टाकावे. रोपे बाहेर लावायच्या आधी आठवडाभर झाकण रोज थोडे जास्त वेळ उघडे ठेवावे, म्हणजे त्यांना उघड्या वाऱ्याची सवय होते.